मामिडवारांच्या घरातलं शिळं पाणी

जामच्या चौफुलीवर मामिडवारांचं किराणा दुकान कुठे म्हणून विचारा, ट्रकवाला काय आणि एसटीचा कंडक्टर काय, डोळे मिटून सांगेल. दुकानामागे घर, आणि घरात मनकर्णाबाईंचं राज्य. पाटीवर नावं भूपेंद्र आणि प्रफुल या दोन मुलांची असली, तरी हुकूम चालायचा आईचा. त्यातला पहिला हुकूम पाण्याचा. सकाळी उठल्याबरोबर घरातलं कालचं सगळं पाणी ओतून द्यायचं. माठ, पितळी गुंड, बादल्या, देवघरातला तांब्या, सगळं घासायचं आणि बोअरचं ताजं पाणी भरायचं. शिळं पाणी घरात राहिलं की लक्ष्मी उंबऱ्यावरूनच परत फिरते, असं मनकर्णाबाईंना त्यांच्या सासूनं सांगितलं होतं. लक्ष्मी इतकी नाजूक कधीपासून झाली, हे विचारायची त्या घरात सोय नव्हती.

अशा घरात रीता त्र्याण्णव साली थोरली सून म्हणून आली. नालवाडीची मुलगी. उंचीनं बेताची, आवाजानं खणखणीत. लग्नाला दोन वर्षं झाली, तीन झाली, आणि पाळणा काही हलेना. मग सुरू झाली वरात. हिंगणघाटची डॉक्टरीण झाली, वर्ध्याचा मोठा दवाखाना झाला, नागपूर झालं. काढे झाले, सोमवार झाले, दंडाला ताईत झाला. सगळ्या डॉक्टरांनी एकच सांगितलं: हिच्यात काही दोष नाही, आता नवऱ्याला घेऊन या. हे वाक्य आलं की मनकर्णाबाईंचे कान नेमके बंद व्हायचे.

"माह्या पोराले काय झालं? चांगला धडधाकट हाय," त्या म्हणायच्या.

भूपेंद्र वाईट माणूस नव्हता. बायकोवर कधी आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. पण दवाखान्याचं नाव काढलं की त्याला एकदम गुळाच्या ढेपा मोजायच्या असत. "दिवाळी होऊ दे, मग जाऊ," म्हणायचा. दिवाळ्या येत होत्या, जात होत्या, आणि वांझ हा शब्द मात्र गावभर एकटी रीता मिरवत होती. काय न्याय आहे! शेत नापीक निघालं तर निदान बियाणं तरी कुणी तपासून बघतं.

मासे आले ते असेच, रस्त्यानं. रीताच्या माहेरच्या गल्लीतला लहानू मेटॅडोर चालवायचा. नागपूरच्या दुकानांसाठी तो मद्रासहून शोभेचे मासे आणायचा, थर्मोकोलच्या खोक्यांत, हवा भरलेल्या पिशव्यांत बांधून. एका मार्च महिन्यात जामच्या अलीकडे त्याचं इंजिन तापलं. खोकी सावलीत ठेवायला तो मामिडवारांच्या ओसरीवर आला. त्यातली एक पिशवी गळत होती, आणि तळाच्या ओंजळभर पाण्यात बोटाएवढे दहा-बारा मासे कुशीवर पडले होते.

"हे नागपूरपर्यंत टिकत नाई, ताई," लहानू म्हणाला. "दक्षिण अमेरिकेतले हायेत. एपिस्टो म्हणते यायले, सिक्लिडच्या जातीतले, पण बारके. फेकूनच द्या लागते."

"काऊन फेकतं? आण इकडं," रीता म्हणाली.

तिनं त्यांना प्लास्टिकच्या टबात सोडलं. लहानूनं जाताजाता जे सांगितलं ते तिनं पदराच्या गाठीला बांधावं तसं मनात बांधलं. पाणी एकदम बदलायचं नाही. जुन्या पाण्यातच यांचा जीव असतो, कारण माशांची घाण पचवणारे डोळ्यांना न दिसणारे जीव त्या पाण्यात, वाळूत आणि हवेच्या पंपाच्या स्पंजात वस्तीला असतात. थोडं काढायचं, तेवढंच घालायचं. बोअरचं पाणी यांना जड पडतं, पावसाचं मिळालं तर सोनं. आणि लपायला जागा हवी, नाहीतर भीतीनंच मरतात.

महिन्याभरात हिंगणघाटच्या काचवाल्याकडून टाकी आली आणि मागच्या खोलीत, सगळ्यात गार भिंतीला लागली. खाली वणा नदीची बारीक वाळू, धुऊन धुऊन घातलेली. देवापुढे फोडलेल्या नारळांच्या करवंट्या पालथ्या घालून त्यांना एकेक दार कोरलं. शाळेच्या आवारातल्या बदामाच्या झाडाची वाळलेली पानं पाण्यात सोडली. पानांचा रंग उतरून पाणी कोऱ्या चहासारखं झालं, आणि ते मरायला टेकलेले मासे त्या चहात असे काही खुलले की दुकानातली गिऱ्हाइकं वाणसामान विसरून आत डोकवायला लागली. नराच्या पाठीवर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे पंखाचे काटे उभे, शेपटीवर नारिंगी ठिपके. मादी लहान, फिकट, पण नजर अशी की नरानंही वाट सोडावी.

मनकर्णाबाईंना मात्र मासे दिसलेच नाहीत. त्यांना दिसलं पाणी.

"हे कधीचं पाणी हाय व?"

"पंधरा दिवसांचं."

"पंधरा दिवसांचं शिळं पाणी माह्या घरात? अन् वरून सडकी पानं?"

रीतानं समजावून पाहिलं. पण ज्या बाईनं जन्मभर रोज सकाळी सगळं पाणी उपसलं, तिला जुन्या पाण्यात जीव असतो हे पटावं कसं? त्या तेवढ्यापुरत्या गप्प बसल्या, आणि गप्प बसलेली मनकर्णाबाई ही बोलणाऱ्या मनकर्णाबाईपेक्षा धोक्याची, हे रीताला तेव्हा कळायला हवं होतं.

दिवाळीच्या आधी रीता एका दिवसासाठी माहेरी गेली. इकडे घराची साफसफाई निघाली. मनकर्णाबाईंनी मासे एका बादलीत काढले, टाकी बाहेर अंगणात आणली, वाळू उकळत्या पाण्यानं धुतली, स्पंज साबणानं पिळला, काच राखेनं घासली, पानं उकिरड्यावर टाकली आणि बोअरचं थंडगार ताजं पाणी काठोकाठ भरून मासे परत सोडले. वर टाकीला हळदीकुंकवाची बोटंही लावली. दुष्टपणानं नाही, हे सांगायलाच हवं. सून खूश होईल असंच त्या बाईला वाटलं होतं. पण विहिरीत ढकलणारा हात प्रेमाचा असला म्हणून माणूस काही कमी बुडत नाही.

रीता परतली तेव्हा टाकी आरशासारखी लख्ख होती आणि मासे वर येऊन तोंडं उघडत होते. तिनं पावसाळ्यात अंगणात भरून ठेवलेला पावसाच्या पाण्याचा पिंप उपसला, धावत जाऊन पानं गोळा केली, होतं नव्हतं ते केलं. दिवाळीचे दिवे लागत होते आणि रोज सकाळी एकदोन मासे तळाशी मिळत होते. शेवटी एक नर आणि एक मादी उरली. बाकीचे तिनं मोगऱ्याच्या आळ्यात पुरले. ती रडली, भरपूर रडली, आणि मग तोंड धुऊन स्वयंपाकघरात आली. तिच्या हातात पिंपातल्या पाण्याचा पेला होता.

"आई, हे पाणी गेल्या पावसाळ्यातलं हाय. गाळून, उकळून घेतलं. पाह्यजा." आणि तिनं तो पेला सासूसमोर उभ्याउभ्या रिकामा केला. "मेली का मी? आजपासून त्या खोलीतलं पाणी माह्यं. तुमच्या माठाले मी रोज घासीन, पण त्या टाकीले कोणी हात लावला तर या घरात चूल पेटणार नाई."

मनकर्णाबाईंनी लक्ष्मी गेल्याचं जाहीर केलं. गंमत म्हणजे त्या वर्षी दुकान कधी नव्हे इतकं चाललं.

त्यानंतर रीतानं टाकीपुढे जाड पडदा लावला आणि त्या दोन जिवांना जगवण्याचा विडा उचलला. जाममध्ये मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकतो. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तिथं ॲमेझॉनच्या सावलीतले मासे ठेवायचे! ती टाकीभोवती ओलं बारदान गुंडाळायची आणि त्यावर टेबलफॅन सोडायची. लोडशेडिंगमध्ये पंप बंद पडला की लोट्यानं टाकीतलं पाणी उचलून वरून धार धरायची, हात भरून येईपर्यंत, म्हणजे पाण्यात हवा मिसळावी. उन्हाळ्यात खायला कमी घालायची, कारण उरलेलं अन्न कुजलं की उकाड्यात पाणी लवकर नासतं. पंक्चरवाल्याच्या जुन्या टायरांमध्ये डासांच्या अळ्या होत, त्या चहाच्या गाळणीनं गाळून आणायची. वाण्याची सून टायरात गाळणी घालते म्हणून चौफुली हसली. हसू द्या म्हणाली.

नोव्हेंबरात एका सकाळी मादी हळदीसारखी पिवळीजर्द झाली होती. ती नराला करवंटीजवळ येऊ देईना. रीतानं बॅटरी मारून पाहिलं, तर करवंटीच्या आतून, छताला, तांबूस अंड्यांची दाटी. रीताला इतका आनंद झाला की तिनं भूपेंद्रला दुकानातून हाताला धरून आणला. तोही हरखून पाहत राहिला. पण दोनेक दिवसांत अंडी पांढरी पडली. पांढरं पडलेलं अंडं म्हणजे मेलेलं अंडं. मादीनं ती एकेक करून खाऊन टाकली आणि पुन्हा फिकट झाली.

पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढे पुन्हा तेच. रीतानं आधी पाण्याला दोष दिला, आणि बोअरचं पाणी पूर्ण बंद करून निव्वळ पावसाचं दिलं. अंडी पांढरी. मग पानं वाढवली, उजेड कमी केला, खाणं बदललं. अंडी पांढरीच. आणि एकदा नेमकं मादी ती पांढरी अंडी खात असताना मनकर्णाबाईंनी पडदा बाजूला केला.

"अगं माय! आपलंच लेकरू खाते!" त्या दोन पावलं मागे सरल्या. "ही अवदसा घरात ठेवली म्हणून तुही कूस उजवत नाई. जशी मालकीण, तशी मासोळी."

हे वाक्य रीताच्या काळजात गेलं ते गेलंच. तिनं पडदा परत ओढून घेतला. अंडी खरंच फळत नव्हती.

दरम्यान धाकट्या प्रफुलचं लग्न झालं. जाऊ मयुरी आंजी गावची, हसरी, रीताच्या पाठीला पाठ लावून भाजी निवडणारी. वर्षभरात तिला दिवस गेले आणि मनकर्णाबाईंना नवं बळ आलं. कुणा गुरुजींनी त्यांना सांगितलं की पिल्लं खाणारा जीव घरात असणं गर्भाला चांगलं नाही. फर्मान निघालं: बारशाच्या आत टाकी घराबाहेर गेली पाहिजे.

भूपेंद्र जेवताना हळूच म्हणाला, "आईचं मन राख ना. मासेच तर हायेत."

"बरोबर हाय, मासेच हायेत," रीता म्हणाली. "मी काय म्हणून त्यायच्या बाजूनं बोलून राह्यली ते तुमाले समजलं असतं तर तुमी असं बोलले नसते. टाकी जाईन त्या दिवशी मीही नालवाडीची बस धरीन. आईले सांगून द्या."

त्यानं आईला सांगितलं नाही. पण रात्रभर कूस बदलत राहिला, आणि पुढे आईनं टाकीचं काढलं की 'उद्या काढू' म्हणत दिवस ढकलत गेला.

मयुरी आंजीला बाळंतपणाला गेली त्याच सुमारास लहानूची गाडी थांबली. रीतानं त्याला सगळं सांगितलं: पाणी, पानं, पांढरी अंडी. लहानूनं टाकीपुढे बसून पाहिलं. "ताई, पाण्यात खोट नाई. मादीत तर नाईच नाई. एवढी अंडी घालते, एवढी राखण करते, अजून तिनं काय करावं?" परतीच्या फेरीत त्यानं एक छोटी पिशवी आणून दिली. त्यानंतर रीतानं पडदा खिळ्यांना घट्ट बांधला, आणि आत काय चाललंय ते कुणाला सांगितलं नाही.

मयुरी बाळाला घेऊन जामला परतली आणि बारशाला घर भरलं. आंजीहून मयुरीच्या माहेरची माणसं आली, चुलतसासू तानाबाई आल्या, चौफुलीवरच्या सगळ्या बायका आल्या. माजघरात पाळणा सजला. रीतानं पहाटेपासून शंभर माणसांच्या स्वयंपाकाला पदर खोचला होता. हात पुसत ती पाळण्याजवळ आली, तर मनकर्णाबाईंनी सगळ्यांच्या देखत, अगदी गोड आवाजात सांगितलं, "रीता, तू जरा दूरच राह्यजो. पाळण्याले हात नको लावू. आतून पाणी आण बरं सगळ्यायले."

मयुरीचं तोंड उतरलं. रीता पाण्याकडे वळली. पण तानाबाई ही बाई कुणाच्याही घरात गेली की आधी सगळ्या खोल्या फिरून येणारी. तिनं मागच्या खोलीतला पडदा खिळ्यांवरून सोडवला होता.

"अवो मनकर्णा! इकडं ये! इथं तं पिल्लंच पिल्लं!"

पाळणा सोडून बायका मागच्या खोलीत लोटल्या. चहाच्या रंगाच्या पाण्यात पिवळीजर्द मादी संथ चालली होती आणि तिच्या पोटाखाली मोहरीएवढ्या पिल्लांचा ढग. तिनं अंग थरथरवलं की ढग तळाशी बसे, ती पुढे निघाली की ढगही निघे. जुन्या पानांवर वाढणारे बारीक जीव पिल्लं टिपून खात होती. कुठून तरी नर वाकडा आला, तर आपल्याहून मोठ्या त्या नरावर ती अशी धावून गेली की बायकांनी "बाप्पा!" म्हणून गालाला हात लावले.

"हे तं वांझ होते म्हणे," तानाबाई म्हणाल्या. "काय केलं व पोरी? कोणता नवस केला?"

"नवस नाई केला, काकी," रीता म्हणाली. "नर बदलला."

मग मयुरी फिस्सकन हसली आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

"रीता!" मनकर्णाबाई ओरडल्या. "चार लोकांत काय बोलून राह्यली?"

"माशाचं बोलली, आई. अन् आता माणसाचं बोलते." रीताचा आवाज चढला नव्हता, पण थांबणारही नव्हता. "अंडी पांढरी पडत होती तं मी पाणी तपासलं, पानं तपासली, खाणं तपासलं, मादीले तं रोज तपासलं. नराले शेवटी पाह्यलं. तोंडानं चांगला, रंगानं चांगला, म्हणून त्याच्याकडं कोणाचं लक्षच नाई गेलं. मीही तुमच्यासारखीच चुकली. पण मी मासोळीले कधी वांझ नाई म्हटलं. माह्या सगळ्या तपासण्या झाल्या, सगळे ताईत झाले. तुमच्या पोराची एकही नाई झाली. हे डॉक्टरनं तुमाले किती वेळा सांगितलं, तुमी ऐकलं नाई. आता इथं सगळ्यायनं ऐकलं."

दारात भूपेंद्र उभा होता, घुगऱ्यांचं ताट घेऊन. किती वेळचा उभा होता कोण जाणे. त्यानं ताट जमिनीवर ठेवलं आणि बायकोकडे असं पाहिलं, जसं माणूस पुष्कळ वर्षं टाळलेल्या सावकाराकडे पाहतं. मग मान हलवली, आणि ती मान 'नाही'ची नव्हती.

रीता माजघरात गेली. मयुरीनं सासूकडे न पाहता बाळ तिच्या हातात दिलं. रीतानं त्याला पाळण्यात घातलं, दोरी ओढली आणि बायकांना म्हणाली, "म्हणा ना व पाळणा, काऊन थांबल्या?" तानाबाईंनी पहिली ओळ उचलली. त्या ओळीत कुणाचा आवाज कापरा होता, कुणाचा जास्तच मोठा होता, पण म्हटला सगळ्यांनी.

पाहुणे गेल्यावर रीता टाकीपुढे बसली होती. मनकर्णाबाई आल्या. भांडायला आल्यासारख्या नव्हत्या. खूप दमलेल्या दिसत होत्या. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "पह्यल्या नराचं काय केलं तू?"

म्हातारी कुणाबद्दल विचारतेय, हे रीताला लगेच कळलं. तिचा राग अजून उतरला नव्हता. पण ते भेदरलेलं तोंड पाहून तिनं आवाज खाली आणला.

"हाय ना," ती म्हणाली. तिनं कोपऱ्यातल्या दुसऱ्या, छोट्या टाकीवरचं फडकं काढलं. तुरा उभारून तो करवंटीच्या दारात बसला होता. "त्याले कायले फेकू? त्याचा काय गुन्हा? इतकी वर्षं माह्या संगं उन्हाळे काढले त्यानं. जगंल तोवर तो इथंच राहीन, मीच खाऊ घालीन." मग ती सासूकडे वळली. "पण आई, यापुढं त्याच्यासाठी मादीले कोणी नाव ठेवलं, तं मले खपणार नाई."

मनकर्णाबाई त्या माशाकडे पाहत राहिल्या. पदरानं डोळे टिपले आणि म्हणाल्या, "उद्या भूपेंद्रले वर्ध्याले दवाखान्यात नेते म्हणते मी. तू चाल संगं."

"मी कायले? माह्यं सारं तपासून झालं," रीता म्हणाली. "या बारीले तुमी माय-लेक जा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मनकर्णाबाई आणि भूपेंद्र वर्ध्याला गेले, आणि दुकानाच्या गल्ल्यावर रीता बसली.